मोकळा पाय

शासकीय सेवेच्या एकतीस वर्षांत मी जे अहवाल लिहिले, ज्या नोंदवह्या भरल्या आणि वरिष्ठांच्या दप्तरी दरमहा जी कोष्टके सादर केली, त्यांत एका खेडवळ स्त्रीने मला विचारलेल्या एका प्रश्नाची नोंद कोठेही सापडणार नाही. त्या प्रश्नासाठी कोष्टकात रकाना नव्हता, आणि रकान्याबाहेरचे ऐकून घेण्याइतकी माझी दृष्टी त्या काळी विशाल झालेली नव्हती. प्रश्न १९७९ साली विचारला गेला. त्याचा खरा अर्थ मला उमगला तो त्यानंतर बारा वर्षांनी, पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला बसले असताना, डब्लिन शहरातल्या एका गवंड्याच्या मुलाचे चरित्र पडद्यावर पाहताना. हे अनुभवकथन त्या प्रश्नाचे आहे. आणि ज्या चित्रपटाने व ज्या पुस्तकाने मला तो पुन्हा ऐकू आणला, त्यांच्या ऋणाचेही आहे.

माझे काम व्यवसायोपचाराचे. या विद्येचे रीतसर शिक्षण आपल्या देशात १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करण्याचे श्रेय जन्माने अमेरिकन असलेल्या, परंतु विवाहाने आणि त्याहूनही अधिक कर्माने आपल्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांचे. मी मुंबईत शिकले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हांला सांगण्यात आले होते की, येथे ‘व्यवसाय’ या शब्दाचा अर्थ पोटापाण्याचा उद्योग एवढाच घ्यावयाचा नाही; ज्या कृतीत माणसाचे चित्त रमते आणि जी केल्याने आपण कोणीतरी आहोत असे त्याला वाटते, ती प्रत्येक कृती, मग ते सदऱ्याचे बटण लावणे असो की मातीचा बैल करणे असो, त्याचा व्यवसाय होय, आणि तीच त्याच्यावरील उपचाराचे साधन होय. ही व्याख्या मी परीक्षेत सुंदर अक्षरात लिहिली होती. व्याख्या पाठ असणे आणि ती समोर येऊन बसली असता ओळखता येणे, यांत केवढे अंतर आहे ते मला पुढे कळावयाचे होते.

एका जिल्ह्याच्या रुग्णालयात मी रुजू झाले. बाह्यरुग्ण विभागाच्या अगदी टोकाला, क्ष-किरणांच्या खोलीपलीकडे मला एक लांबट खोली मिळाली होती. तीत एक लहानसा हातमाग, लाकडी खुंट्यांच्या पाट्या, उभे राहण्याची चौकट, मातीचा डबा आणि भिंतीला टेकलेली एक सतरंजी एवढी सामग्री होती. खाली शहाबादी फरशी होती. एके दिवशी सकाळच्या एस.टी.ने चाळीस किलोमीटरांवरून एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आली. ते मूल कडेवर मावत नव्हते. त्याचे लांब पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, आणि त्याच्या हातांना क्षणाची विश्रांती नव्हती. एक हात मागे वळे, बोटे पसरत आणि मिटत, मान बाजूला ओढली जाई, आणि तो काही धरू पाहील तर हे सारे द्विगुणित होई.

मेंदूच्या पक्षाघाताचा हा एक विशिष्ट प्रकार आहे. जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडल्याने, अथवा जन्मानंतरची कावीळ मर्यादेबाहेर वाढल्याने, मेंदूच्या अंतर्भागातील हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांना इजा होते. बुद्धीला मात्र पुष्कळदा धक्काही लागलेला नसतो. या प्रकारातील क्रौर्य असे की, मनुष्य जितक्या निकराने प्रयत्न करतो तितके त्याचे अवयव त्याच्या आज्ञेबाहेर जातात. जिभेचे आणि ओठांचे स्नायूही याच अराजकात सापडलेले असल्यामुळे, आत पूर्ण वाक्य तयार असते आणि बाहेर एक अस्फुट हुंकार पडतो. ऐकणारा त्या हुंकारावरून आतल्या माणसाची किंमत करतो आणि तेवढ्याच किमतीने त्याला वागवू लागतो.

आईने मुलाला खाली फरशीवर बसविले आणि भिंतीचा आधार दिला. मी केसपेपर लिहीत होते. थोड्या वेळाने खरखर असा आवाज आला म्हणून मान वर करून पाहिले, तो त्याने कोपऱ्यात पडलेली पाटीवरची पेन्सिल उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत धरली होती आणि शहाबादीवर एक रेघ ओढली होती. ती रेघ वशिंडापासून निघून पाठीवरून शेपटीपर्यंत गेली, मग पोटाखालून परत आली, मग शिंगे आली. बैल झाला होता. ज्या देहात एकही अवयव स्थिर नव्हता, त्या देहाच्या या एका टोकाला विलक्षण शांतता होती. आई म्हणाली, “घरी बी असंच मातीत काढतो. तहान लागली की घागर काढतो, बाप दिसला न्हाई की टोपी काढतो. आम्हाला कळतं समदं.”

मी ते चित्र पाहिले, कौतुकही केले. आणि त्याच दिवशी केसपेपरवर लिहिले की, उभे राहण्याचा सराव, हातांच्या हेतुपूर्वक हालचालींचे शिक्षण, आणि मांडीपर्यंतचे कॅलिपर व उंच चामडी बूट यांची शिफारस. हे सारे शास्त्राला धरून होते. पाय वाकडे होत चालले होते, टाचा वर ओढल्या जात होत्या. वेळीच आधार न दिल्यास पुढे शस्त्रक्रियेवाचून गती उरली नसती. मापे घेतली गेली, अर्ज झाला, मंजुरीस साडेतीन महिने लागले. बूट तयार होऊन आले त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. मी स्वतः खाली बसून त्याच्या पायांत ते चढविले, नाड्या घट्ट बांधल्या, पट्टे आवळले आणि त्याला चौकटीत उभे केले. नऊ वर्षांत प्रथमच तो मुलगा माणसांच्या उंचीवरून जग पाहत होता. त्याची आई मात्र त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहत राहिली आणि काही वेळाने अत्यंत अदबीने म्हणाली, “बाई, बूट घातल्यावर मग ह्यो बोलायचा कशानं?”

मी तिला समजावून सांगितले. पायाने लिहिण्याची सवय जडली तर हात कायमचे मागे राहतील, त्या एका पायावर सारा ताण पडून उरलेले शरीर आणखी आखडत जाईल, आता थोडा धीर धरला पाहिजे, हळूहळू तो हातांनी शिकेल. माझे बोलणे कठोर नव्हते. मायेनेच बोलत होते मी. “बरं बाई,” एवढेच ती म्हणाली. शिकलेल्या माणसावर आपल्या खेड्यापाड्यांतली माणसे जो निःशंक विश्वास टाकतात, त्याचे ओझे किती असते हे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळत नाही.

पुढे ती दोघे तीन वेळा आली. पहिल्या खेपेस मुलगा चौकटीत सहा मिनिटे उभा राहिला, तिसऱ्या खेपेस अकरा. मी नोंदवहीत ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहिले. त्याच तिसऱ्या खेपेस आई निघताना म्हणाली होती की, आता तो गप्प गप्प असतो, चित्र काढत नाही. ती गोष्ट मी लिहिली नाही. त्यानंतर ती दोघे आली नाहीत. ऊसतोडीचा हंगाम होता, गाव सोडून गेली असतील, असा मी मनाशी खुलासा करून घेतला; आणि पुढील वर्षी माझ्या बदलीचा हुकूम आला.

त्यानंतरच्या वर्षांत मी अनेक ठिकाणी काम केले आणि त्या मुलाची आठवण मनाच्या तळाशी बसली. १९९१ साली पुण्यात एका स्नेह्यांनी मला ‘माय लेफ्ट फूट’ हा आयरिश चित्रपट दाखवावयास नेले. तुमच्याच कामाशी संबंधित आहे, एवढेच त्यांनी सांगितले होते. दिवे मालवले, आणि पडद्यावर प्रथम दिसला तो एक उघडा डावा पाय. त्या पायाच्या बोटांनी ध्वनिमुद्रिका वेष्टनातून बाहेर काढली, तबकडीवर ठेवली, आणि सुई उचलून तिच्यावर अलगद टेकविली. संगीत सुरू झाले. प्रेक्षागृहात कौतुकाची कुजबुज उठली. मला मात्र त्या क्षणी ऐकू आले ते संगीत नव्हते. चामड्याच्या पट्ट्याचा, आवळताना होणारा आवाज होता तो, आणि त्याच्यामागून तो अदबीने विचारलेला प्रश्न.

हा चित्रपट ज्याच्या जीवनावर आहे त्या ख्रिस्टी ब्राउन याचा जन्म ५ जून १९३२ रोजी डब्लिनमध्ये झाला. वडील गवंडी, घर गरिबीचे. आईला बावीस अपत्ये झाली, त्यांतली तेरा जगली. मेंदूच्या पक्षाघातामुळे डावा पाय वगळता त्याच्या देहाचा कोणताही भाग त्याचे ऐकत नसे. या मुलाला बुद्धीच नाही असे डॉक्टर सांगत होते, आणि आई ते मानीत नव्हती. पाच वर्षांचा असताना एके दिवशी त्याने बहिणीच्या हातातला खडू डाव्या पायाच्या बोटांनी हिसकून घेतला. आईने जमिनीवर एक अक्षर काढून दाखविले, आणि कित्येक निष्फळ प्रयत्नांनंतर त्याने ते गिरविले. पुढे एका नाताळात भावाला रंगांची पेटी आणि त्याला खेळातले शिपाई मिळाले, तेव्हा त्याने अदलाबदल करून ती पेटी मिळविली आणि पायाने चित्रे काढू लागला. १९५४ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, १९७० मध्ये ‘डाउन ऑल द डेज’ ही कादंबरी आली, ती अनेक भाषांत गेली, कवितासंग्रह निघाले. १९७२ साली त्याने मेरी कार हिच्याशी विवाह केला, आणि १९८१ च्या सप्टेंबरात, अवघा एकोणपन्नास वर्षांचा असताना, इंग्लंडमध्ये जेवताना घास घशात अडकून तो मरण पावला. गिळण्याचे स्नायू ज्यांच्या ताब्यात नसतात त्यांच्या घरी प्रत्येक जेवणाला ही भीती पानाशेजारी बसलेली असते. आम्ही या कामातली माणसे मातापित्यांना घास किती लहान करावा आणि मान कशी धरावी हे प्रथम शिकवतो ते याचसाठी.

त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी हा चित्रपट आला. दिग्दर्शक जिम शेरिडन यांचा तो पहिलाच चित्रपट. पटकथा शेन कॉनॉटन आणि शेरिडन यांची. तरुण ख्रिस्टीची भूमिका करणारे डॅनिएल डे-लुईस आणि आईची भूमिका करणाऱ्या ब्रेंडा फ्रिकर या दोघांनाही १९९० सालच्या समारंभात ऑस्कर पारितोषिके मिळाली. बालपणीचा ख्रिस्टी ह्यू ओ’कॉनर या मुलाने उभा केला आहे. डे-लुईस यांनी या भूमिकेसाठी डब्लिनमधील सँडीमाउंट येथील अपंग मुलांच्या शाळेत दिवस घालविले, आणि चित्रीकरणाच्या काळात ते चाकांच्या खुर्चीतून उठत नसत. सहकाऱ्यांना त्यांना उचलून न्यावे लागे, भरवावे लागे. धडधाकट नटाने अपंगाची भूमिका करावी की नाही, हा आज विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांची ही जीवने आहेत त्यांनाच पडद्यावर येण्याची संधी मिळावी असे मलाही मनापासून वाटते. तथापि त्या दिवशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. या नटाने काही आठवडे खुर्चीत बसून जग जेथून पाहिले, त्या उंचीवर मी माझ्या सेवेत एकदाही बसले नव्हते. मी नेहमी वरून पाहत आले होते. प्रेमाने, परंतु वरून.

त्या चित्रपटातले दोन प्रसंग माझ्या मनात कायमचे राहिले. पहिला, आई विटा रचू लागते तो. ख्रिस्टी निराश होऊन अंथरुणाला खिळला आहे. आई एक शब्द न बोलता परसात जाते आणि त्याला स्वतंत्र खोली व्हावी म्हणून एकटीच विटांचा थर लावू लागते. तो काही केल्या सरळ येत नाही. गवंड्याच्या घरात तो वाकडा थर पाहून बापाला आणि मुलांना राहवत नाही, आणि मग सारे घर कामाला लागते. आत्मचरित्रातही हा प्रसंग आहे. आम्ही उपचार करणारे ज्याला पुनर्वसन म्हणतो, त्याची याहून उत्तम व्याख्या मला अन्यत्र आढळली नाही. त्या बाईने मुलाला उभे करण्याचा यत्न केला नाही. त्याला बसून चित्र काढता येईल अशी जागा बांधली.

दुसरा प्रसंग उपाहारगृहातला. जी स्त्री त्याला वाचा शिकविते, जिने त्याच्या चित्रांचे प्रदर्शन घडविले, तिचा विवाह दुसऱ्याशी ठरल्याचे सर्वांसमक्ष कळते आणि ख्रिस्टीचा तोल सुटतो; तो मद्य पितो, ओरडतो, टेबलावरचे कापड दातांनी ओढतो. माझ्या शेजारचे एक गृहस्थ हळूच म्हणाले की, हा प्रसंग गाळला असता तर बरे झाले असते. मला तसे वाटले नाही. आपण अपंगांच्या बाबतीत दोनच भाव जाणतो, कीव आणि पूजा. आणि दोहोंतही त्यांनी रागावू नये, कोणाची अभिलाषा धरू नये, सदैव कृतज्ञ असावे, ही अट न बोलता घातलेली असते. या चित्रपटाने ती अट मोडली. त्यातला ख्रिस्टी हट्टी आहे, मत्सरी आहे, विनोदी आहे, आणि म्हणूनच तो कलावंत आहे यावर विश्वास बसतो. चित्र काढणारा पाय आणि संतापणारा माणूस हे वेगवेगळे काढता येत नाहीत.

घरी आले ती अस्वस्थ मनाने. माझ्या हातून जे झाले ते अज्ञानामुळे झाले, अशी स्वतःची समजूत घालू पाहत होते. पुढे काही महिन्यांनी ते आत्मचरित्र मिळवून वाचले, आणि ती समजूतही टिकली नाही. चित्रपटात त्याला वाचा शिकविणारी ती स्त्री-डॉक्टर हे कल्पित पात्र आहे. वास्तवात ख्रिस्टीला साह्य केले ते डॉ. रॉबर्ट कोलिस यांनी. हे बालरोगतज्ज्ञ होते, नाटककारही होते, आणि डब्लिनच्या गरीब वस्त्यांवर त्यांनी नाटक लिहिले होते. भावाच्या पाठुंगळीवर बसलेला हा मुलगा त्यांनी एका चित्रपटाच्या खेळाला पाहिला, आणि तो चेहरा त्यांच्या ध्यानात राहिला. १९४८ साली आयर्लंडमध्ये मेंदूच्या पक्षाघाताने ग्रासलेल्या मुलांसाठी संस्था स्थापन झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. त्यांनी ख्रिस्टीला शोधून काढले आणि या विकाराच्या उपचारांतील जाणकार असलेल्या आपल्या भावजयीकडे, आयरीन कोलिस यांच्याकडे, लंडनला तपासणीसाठी पाठविले. बाईंनी सांगितले की उपचारांचा उपयोग होईल, परंतु एका अटीवर: डावा पाय वापरणे सोडून दिले पाहिजे. त्या पायावर सारा भार टाकल्याने उरलेले शरीर अधिकाधिक ताठरत जात होते, असे त्यांचे निदान होते.

ते पान मी किती वेळा वाचले असेन ते सांगता येत नाही. मी त्या आईला जे कारण दिले होते, जवळजवळ त्याच शब्दांत दिलेले तेच कारण येथे होते. आणि देणारी व्यक्ती अज्ञ नव्हती, निर्दय नव्हती, आपल्या विद्येत अग्रगण्य होती. ख्रिस्टीने ती अट मान्य केली. पाय बंद झाला, आणि त्याबरोबर चित्रे गेली, लेखणी गेली. आत्मचरित्र त्याने भावांना तोंडी सांगून लिहवून घेण्यास आरंभ केला. ज्याचे उच्चार घरच्यांनाही कष्टाने कळत, त्याने एकेक वाक्य दुसऱ्याच्या हाती सुपूर्द करावे, यातली घुसमट ज्याने अशा मुलांच्या शेजारी बसून दिवस काढले आहेत त्यालाच समजेल. आणि मग एका असह्य क्षणी, सारे निश्चय बाजूला सारून, तो पाय पुन्हा उघडा करतो आणि पेन्सिल धरतो. चित्रपटाने हा भाग घेतलेला नाही. चित्रपटाला पायाचा विजय दाखवावयाचा होता. पुस्तकात पायाचा त्यागही आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात शत्रू कोणीच नाही. एका बाजूला ख्रिस्टीचे हित इच्छिणारे शास्त्र आहे, आणि दुसऱ्या बाजूला ख्रिस्टी आहे.

येथे मला शास्त्रावर अन्याय करावयाचा नाही. त्या उपचारांनी ख्रिस्टीचे बोलणे पुष्कळ सुधारले, देह काहीसा सैल झाला, आणि आपल्यासारखे इतरही आहेत हे त्याला प्रथमच दिसले. कोलिस यांनी त्याला केवळ औषधोपचार दिले नाहीत. त्याचा पहिला खर्डा किती शब्दबंबाळ आहे हे स्पष्ट सांगितले आणि लिहावे कसे हे लेखकाच्या नात्याने शिकविले. एखाद्या अपंग मनुष्याच्या लिखाणाला, तो अपंग आहे हे विसरून, वाईट म्हणण्याइतका आदर फार थोडे लोक दाखवितात. माझ्या कॅलिपरांची शिफारसही चुकीची नव्हती. त्या मुलाच्या टाचांना आधाराची खरोखरच गरज होती. चूक झाली ती अन्यत्र. तो मुलगा ज्या वाटेने आधीच बाहेर येत होता ती वाट मी बंद केली, आणि जी वाट मला प्रशस्त वाटत होती तिच्या उघडण्याची मुदत मात्र मला ठाऊक नव्हती. त्या मधल्या काळात त्याने मुके राहावे असे मी एका बाजूने ठरवून टाकले होते. बूट सकाळी चार तास घालून दुपारी पाय मोकळे सोडता आले असते; एवढी साधी तजवीज मला सुचली नाही, कारण त्याचा पाय हा मला चालण्याचा अवयव दिसत होता आणि त्याच्या आईला तो जिव्हा दिसत होती.

पुढल्या सेवेत मी माझ्या कामाची रीत बदलली. नवे मूल आले की पहिल्या भेटीत त्याला स्पर्श करावयाचा नाही. बूट-मोजे काढून सतरंजीवर बसू द्यावयाचे, आपणही खाली बसावयाचे आणि पाहावयाचे. त्याला काय येत नाही हे विचारण्यापूर्वी आईला एकच प्रश्न विचारावयाचा: हा ‘हो’ कशाने म्हणतो? या प्रश्नाला उत्तर नाही असे मूल मला क्वचितच भेटले. एक मुलगी डोळे छताकडे नेऊन ‘हो’ म्हणत असे, एक तरुण खालचा ओठ आत घेऊन, एक लहानगा डाव्या पायाची टाच जमिनीवर आपटून. घरातल्या कोणाला तरी ते ठाऊक असते, बहुधा आईला किंवा आजीला; फक्त ते सांगण्याजोगे ज्ञान आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. त्या ‘हो’पासून आम्ही चित्रांच्या पाटीकडे जात असू आणि पाटीपासून अक्षरांकडे, हातांचे आणि उभे राहण्याचे उपचार त्याच्या बरोबरीने चालत, त्याच्या जागी नव्हेत.

अपंगांविषयीच्या १९९५ सालच्या कायद्यानंतर अपंगत्वाच्या दाखल्यांचे काम फार वाढले. सवलतींसाठी निदान चाळीस टक्के अपंगत्व असल्याची वैद्यकीय अधिकाऱ्याची नोंद लागते, आणि तो दाखला हाती पडला म्हणजे गोरगरिबांना एस.टी.ची सवलत, शिष्यवृत्ती, थोडेबहुत निर्वाहसाहाय्य मिळते. त्याचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. परंतु त्या गणितात काय गेले आहे याचीच मोजदाद होते. काय उरले आहे आणि त्या उरलेल्यात किती सामर्थ्य आहे, याला तेथे स्थान नसते. मी माझ्याकडच्या कागदपत्रांवर शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहू लागले: ‘उजव्या पायाने लिहितो’, ‘डोळ्यांनी होकार देते’, ‘मानेच्या इशाऱ्याने चित्र निवडतो’. शाळेत प्रवेशाच्या वेळी ती ओळ उपयोगी पडली असे दोन-तीन पालकांनी मला येऊन सांगितले, आणि तेवढ्याने ती ओळ लिहिण्याचे सार्थक झाले.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. मुंबईच्या मालिनी चिब यांनी आपले आत्मचरित्र एका करंगळीने टंकलिखित केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नावच ‘वन लिटल फिंगर’ असे आहे. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढून, ज्या मुलांना शाळा दारात उभे करीत नव्हत्या त्यांच्यासाठी शिक्षणाचे दार उघडले. डब्लिनचा डावा पाय आणि मुंबईची करंगळी यांत मला एक सूत्र दिसते. प्रत्येक वेळी देहाचा एक लहानसा भाग मोकळा राहिला होता, आणि त्याच्या शेजारी तो भाग ओळखणारे कोणीतरी होते. कलावंत निर्माण होण्यास बहुधा दोहोंची गरज असते. ख्रिस्टीची आई दिवसाकाठी मोठ्या कुटुंबाचा स्वयंपाक करीत असताना जमिनीवर बसून खडूने अक्षर काढण्यास तिला सवड झाली, या एका गोष्टीवर पुढची सारी पुस्तके उभी आहेत.

चित्रपट पाहिला त्याच महिन्यात मी जुन्या रुग्णालयातून केसपेपरवरचा पत्ता मागवून त्या मुलाच्या घरी पत्र धाडले होते. ते ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा मारून परत आले. त्या गावी एकदा स्वतः जाऊन आले. ती मंडळी कारखान्याच्या भागाकडे गेली ती परतली नाहीत, एवढेच शेजाऱ्यांनी सांगितले. तो मुलगा आज असेल तर पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्याने तो बूट कधी फेकून दिला असेल, त्याच्या आईने माझे न ऐकता दुपारी त्याच्या नाड्या सोडल्या असतील, अशी आशा मी करते. शिकलेल्या बाईवरच्या विश्वासापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा विश्वास अधिक ठरला असावा, अशी माझी प्रार्थना आहे.

सेवानिवृत्तीच्या वर्षी माझी अखेरची नेमणूक योगायोगाने त्याच रुग्णालयात झाली. लांबट खोली तीच होती. शहाबादी काढून तेथे गुळगुळीत चकचकीत फरशी बसविलेली होती. पहिल्याच दिवशी मी पाटीवरची पेन्सिल घेऊन खाली बसले आणि एक रेघ ओढून पाहिली. ती उमटली नाही. त्याच संध्याकाळी बाजारातून सहा दगडी पाट्या आणि पेन्सिलींचा एक पुडा घेऊन आले. माझ्या जागी येणाऱ्या तरुण मुलीला कार्यभार सोपविताना किल्ल्या दिल्या, साहित्याची यादी दिली, आणि सतरंजीच्या कडेला ओळीने मांडून ठेवलेल्या त्या पाट्या दाखवून एवढेच सांगितले की, साफसफाईच्या वेळी कोणी या उचलून टेबलावर ठेवील, तर परत खाली ठेवीत जा. पाट्या जमिनीवरच असू देत, पायांना पोचतील अशा.